दगड ते दगड

मुंबईहून सिंगापूरला विमानानं किती वेळ लागतो, हा प्रश्न तसा साधा आहे. उत्तर तिकिटावरच छापलेलं असतं, सव्वापाच-साडेपाच तास. पण हा प्रश्न आमच्या नानांसमोर विचारू नये. विचारलाच, तर पुढच्या तासाभरात आपल्याला कुठं जायचं नाही याची आधी खात्री करून घ्यावी. कारण नाना सावकाश चष्मा काढतात, धोतराच्या सोग्यानं पुसतात, पुन्हा चढवतात आणि म्हणतात, "कुठून कुठवर धरून सांगू?"

असा एक माणूस प्रत्येक घरात असतो. लग्नाची पत्रिका हातात पडली की नवरा कोण, नवरी कुठली, हे तो बघत नाही. थेट कार्यालयाचा पत्ता शोधतो आणि जाहीर करतो, "म्हणजे साडेपाचला निघायला हवं." बाकीच्यांच्या आंघोळी चालू असताना तो पुढच्या सीटवर बसलेला असतो आणि दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवतो. मुहूर्त बाराचा असतो, आपण पावणेनऊला पोचतो, मांडववाले खुर्च्या उतरवत असतात आणि तो समाधानानं म्हणतो, "बघा, वाटेत पंक्चर झालं असतं तर?" पंक्चर झालेलं नसतं. ते कधीच होत नाही. पण त्यासाठी त्यानं अर्धा तास हाताशी ठेवलेला असतो आणि तो अर्धा तास आपल्याला रिकाम्या कार्यालयात बसून खर्च करावा लागतो.

नाना साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेची केबिन, समोर लॉगशीट, हातात माईक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून त्या भोंग्यातून आल्यासारखाच येतो. काकूंनी पानं वाढली की आतल्या खोलीपर्यंत ऐकू जातं, "जेवण लागलेलं आहे." १ जून हा त्यांच्या घरी सणाचा दिवस. १९४८ साली त्या दिवशी पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला धावली. शाळेत मास्तरांनी नानांची जन्मतारीखही, त्या काळच्या निम्म्या महाराष्ट्राप्रमाणे, १ जूनच घातली होती. नाना याला योगायोग मानत नाहीत. काकूंना त्या दिवशी पुरण घालावं लागतं, आणि ते नक्की कुणासाठी, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही दोन गावांची नावं घ्या, नाना किलोमीटर सांगतात. नुसते किलोमीटर नाहीत, टप्पे. एस.टी.चा टप्पा ६ किलोमीटरचा आणि भाडं टप्प्यावर. त्यामुळं नानांच्या डोक्यात सगळा महाराष्ट्र सहा-सहा किलोमीटरच्या तुकड्यांनी भरलेला आहे. त्यापलीकडं जग असावं, पण त्याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. आशिया खंडाशी त्यांचा संबंध एवढाच, की १९८२ च्या आशियाई खेळांवरून नाव पडलेल्या 'एशियाड' गाड्या त्यांनी फलाटावर लावून घेतल्या होत्या.

आणि मग नानांच्या मुलीला, आमच्या ताईला, सिंगापूरचं स्थळ आलं.

मुलगा चांगला, नोकरी चांगली, माणसं चांगली. काकूंनी पत्रिका बघितली, आत्यानं मुलाचा फोटो मोठा करून बघितला. नानांनी माझ्या मुलाचा शाळेचा पृथ्वीगोल मागून घेतला. काकूंच्या फुलपुडीचा दोरा सोडवून त्यांनी आधी तो विषुववृत्ताभोवती फिरवला आणि पट्टीनं मोजला. ९४ सेंटिमीटर भरला. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला सव्वाचारशे किलोमीटर. मग दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबलं, दुसरं सिंगापूरवर ताणलं. ९ सेंटिमीटर आणि वर दोन रेघा. "३,९०० किलोमीटर," नाना म्हणाले. पुढं नातवंडांनी संगणकावर ताडून पाहिलं, तर नानांचा दोरा वीस किलोमीटरनंही चुकला नव्हता. "म्हणजे ६५० टप्पे. विनाथांबा." हे त्यांनी अशा स्वरात सांगितलं की मुलगी देण्याघेण्याचा प्रश्न बाजूलाच राहिला आणि ड्रायव्हर मध्ये बदलणार की नाही यावर चर्चा सुरू झाली.

पण खरी गंमत पुढंच होती. ताणलेला दोरा कुठून जातो, हे नाना डोळ्याला भिंग लावून बघत होते. मुंबई सुटल्यावर तो पुण्यावरून जात होता, मग सोलापुरावरून, पुढं आंध्रचा किनारा, बंगालचा उपसागर, निकोबार, मलाक्काची सामुद्रधुनी आणि सिंगापूर. नानांनी भिंग खाली ठेवलं. "अगं ए," त्यांनी काकूंना हाक मारली, "हे लोक आपल्याला साताऱ्याहून पुण्यावरून मुंबईला नेणार आणि तिथून विमानात बसवून परत पुण्यावरून सोलापूरकडं आणणार!" काकू म्हणाल्या, "मग सोलापूरला चढू." हे वाक्य काकूंनी चेष्टेत म्हटलं होतं. नाना त्यावर दोन दिवस गंभीरपणे विचार करत होते.

सपाट नकाशावर रेघ मारून अंतर काढू नये, ही नानांची तेव्हापासूनची शिकवण. भाचा टोकियोला गेला तेव्हा त्यांनी भिंतीवरचा नकाशा आणि गोलावरचा दोरा दोन्ही दाखवून सिद्ध केलं की जवळचा रस्ता नकाशावरच्या रेघेपेक्षा बराच उत्तरेकडून, चीनच्या पोटातून जातो. शिवाय टोकियोला जाताना आठेक तास आणि येताना साडेनऊ-दहा, कारण वर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. जाताना तो पाठीवर असतो, येताना तोंडावर. हे सगळं नानांना नीट कळलेलं आहे. पटलेलं मात्र नाही. "जाण्यायेण्याचं अंतर एक आणि वेळ दोन? लॉगशीटला कसं बसवायचं?"

आता त्या 'कुठून कुठवर'कडं येऊ. नानांच्या मते प्रवासाच्या वेळा तीन. पहिली हवेतली, म्हणजे चाकं जमीन सोडतात तिथपासून पुन्हा टेकेपर्यंत. ती सांगणारा माणूस फुशारकी मारतो. दुसरी तिकिटावरची. विमान जागचं हलल्यापासून पलीकडं जागेवर उभं राहीपर्यंतची. विमानाच्या चाकालाही ओंडका लावतात, हे नानांना जावयानं सांगितलं तेव्हा त्यांचा विमानविद्येवर एकदम विश्वास बसला. आमच्या घाटातल्या स्टँडवर कंडक्टर चाकाखाली दगड सरकवतो, तेच ते. तेव्हापासून तिकिटावरच्या वेळेला आमच्या घरात 'दगड ते दगड' असं नाव आहे. तिसरी आणि खरी वेळ 'उंबरा ते उंबरा'. नाना फक्त तीच मानतात.

ती त्यांनी जुन्या लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूवर मांडलेली आहे. विमान रात्री साडेअकराचं. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे साडेआठ. पण साडेआठला पोचा असं सांगतात याचा अर्थ साडेसातला पोचावं. सातारा ते विमानतळ २५० किलोमीटर, पाच तास. खंबाटकीला अर्धा, खंडाळ्याला अर्धा, वाशीच्या पुढं किती ते कुणीच सांगू नये, तिथं एक धरावा. दीड तास मार्जिन. म्हणजे घरातून सकाळी अकराला प्रस्थान. पलीकडं सकाळी सात वीसला दगड. उतरणं, शिक्का, बॅगा, टॅक्सी, लेकीचा उंबरा पावणेनऊ. त्यातले अडीच तास घड्याळाचे, ते वजा. एकूण सव्वाएकोणीस तास. "म्हणजे बघ," नाना पेन्सिलीनं कागदावर टिचकी मारत सांगतात, "३,९०० किलोमीटरला पाच तास वीस मिनिटं. आणि बाकीच्या २५० किलोमीटरला आणि रांगेत उभं राहायला जवळपास चौदा. विमानं कसली वेगानं नेताय? खंबाटकी बघा आधी."

त्या अडीच तासांनी आमच्या घरात जेवढी भांडणं लावली तेवढी वाटणीनंही लावली नसतील. काकूंचा हिशेब सरळ. निघालो साडेअकराला, पोचलो सात वीसला, आठ तास झाले. येताना रात्री आठला निघालो, अकराला मुंबईत, तीन तास. "परत येताना वाट लवकर सरते, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय." नाना कपाळावर हात मारतात, भारताचं घड्याळ साडेपाच तास पुढं, सिंगापूरचं आठ, असं परत पहिल्यापासून सुरू करतात. त्यातही त्यांना एक खोडी सापडलेली आहे. सूर्याच्या मानानं सिंगापूरचं घड्याळ साधारण सात तास पुढं असायला हवं. १ जानेवारी १९८२ पासून मलेशियाच्या बरोबरीनं त्यांनी आधीच पुढं असलेलं ते आणखी अर्धा तास ढकलून आठवर नेलं. म्हणून तिथं सात वाजता कुठं उजाडायला लागतं. "एका रात्रीत अर्धा तास! अख्ख्या देशाचा! तेव्हा मी ड्यूटीवर होतो, आम्हाला कुठलंही परिपत्रक आलं नाही." मी म्हटलं, नाना, आपल्या मुंबईचंसुद्धा स्वतःचं वेगळं घड्याळ १९५५ पर्यंत चालू होतं. यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मुंबईबद्दल त्यांना तसा संशय होताच.

ताईचं लग्न झालं आणि ती गेली. त्या रात्रीपासून नाना विमानं दाखवणाऱ्या ॲपवर आले. हे ॲप कुणी फोनमध्ये घालून दिलं त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण घरात अजून त्याला बोलणी बसतात. नकाशावर पिवळी विमानं मुंग्यांसारखी सरकत असतात, त्यातल्या एकावर नाना बोट ठेवतात आणि घरच्या ग्रुपवर निवेदन सुरू होतं. रात्री बारा पंधरा, "सोलापूर पास." एक वाजता, "किनारा सोडला. ३५,००० फूट, म्हणजे १०,६६८ मीटर." पहाटे तीनला, "निकोबार डावीकडे." आम्ही सगळे फोन उलटे टाकून झोपतो. सकाळी उठल्यावर सत्तावीस निरोप आणि शेवटी, "फलाटावर लागलं."

येतानाचा प्रवास जास्त अवघड. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, म्हणून एका वेळी एकच चालवता येते. गर्दी झाली की विमानं वर घिरट्या घालत बसतात. एकदा ताई पहिल्यांदाच माहेरपणाला येत होती आणि तिचं विमान त्या नकाशावर गोल गोल फिरायला लागलं. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. नाना स्वेटर घालून अंगणात आले. साताऱ्यातून मुंबईवरचं आकाश दिसत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. दर मिनिटाला ते तिच्या बंद फोनवर फोन लावत होते. विमान उतरलं तेव्हा ते आत आले आणि काकूंना म्हणाले, "बावीस मिनिटं लेट. विशेष काही नाही." मग त्यांनी दोनदा चहा घेतला.

स्वतः जायची वेळ आली ती बाळंतपणाच्या निमित्तानं. नानांनी विमान कंपनीला फोन करून विचारलं, पासष्टीच्या पुढं अर्धं तिकीट असेल ना, आणि पंचाहत्तरीच्या पुढं पूर्ण माफ? पलीकडच्या मुलीला एस.टी.च्या सवलती माहीत नव्हत्या. नानांनी तिला त्या समजावून सांगितल्या. मुलगी सज्जन असावी, तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

पोचवायला मी होतो. अकराला निघालो आणि वाशीला गर्दीच लागली नाही, त्यामुळं सव्वाचारला विमानतळावर हजर. सुरक्षेवरच्या जवानानं तिकीट बघितलं, घड्याळ बघितलं, मग नानांकडं बघितलं. नानांच्या दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं होती. डाव्यावर भारत, उजव्यावर सिंगापूर, रक्तदाबाची गोळी डाव्या हातानं घ्यायची असं ठरलेलं. जवानानं काही न बोलता खुर्च्यांकडं बोट दाखवलं.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. विमानात समोरच्या पडद्यावर शंभर सिनेमे होते. नानांनी पाच तास नकाशा बघितला. पडद्यावर सोलापूर उमटलं तेव्हा त्यांनी झोपलेल्या काकूंना हलवून उठवलं, "सोलापूर आलं." काकूंनी सवयीनं पिशवी उचलली. बंगालच्या उपसागरावर विमान हलायला लागलं, लोक देवाचं नाव घेऊ लागले, नाना शांत होते. त्यांनी शेजारच्याला सांगितलं की हा रस्ता वरंध्याच्या घाटापेक्षा पुष्कळ बरा आहे.

आणि विमान सिंगापूरला सात वाजताच लागलं. वीस मिनिटं आधी. सगळे खूश, नाना अस्वस्थ. एस.टी.त उशीर माफ असतो, वेळेआधी पोचणं म्हणजे मधला कुठला तरी थांबा चुकवलेला असतो. जावयानं टॅक्सीत समजावलं की विमान कंपन्या छापील वेळेतच थोडा जादा वेळ घालून ठेवतात, म्हणजे गर्दीनं, वाऱ्यानं उशीर झाला तरी गाडी वेळेवर दिसते. हे ऐकताना नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला म्हणे. आयुष्यभर ज्याला घरच्यांनी 'नानांचं मार्जिन' म्हणून हिणवलं, ते जगभरच्या विमान कंपन्या गुपचूप करत होत्या! त्या दिवसापासून जावई त्यांचा लाडका झाला.

सिंगापूरनं मात्र त्यांची निराशा केली. विमानतळाच्या आवारात, जुन्या वाहनतळाच्या जागेवर ४० मीटर उंचीचा धबधबा आहे, घराच्या आत. तो त्यांनी बघितला. आमच्याकडं ठोसेघरच्या धबधब्याला एवढा गाडी लावायचा त्रास आणि इथं वाहनतळ काढून धबधबा, याचं त्यांना वाईट वाटलं. पण खरं दुखणं वेगळं. अख्खा देश पूर्व-पश्चिम ५० किलोमीटर! म्हणजे सव्वाआठ टप्पे! आमच्या सातारा जिल्ह्यात असली चौदा सिंगापुरं बसतील. "मुक्कामी गाडी नाही, रातराणी नाही. या लोकांनी जावं तरी कुठं?"

मग त्यांना ताईच्या इमारतीखालचा बसथांबा सापडला. तिथं पाटीवर पुढची बस किती मिनिटांत येणार ते उमटतं. नानांनी दोन्ही घड्याळं लावून ते तपासायला सुरुवात केली. ताईनं बागा दाखवायची तयारी केली होती, समुद्राकाठची ती तीन मनोरे आणि वर जहाज ठेवलेली इमारत दाखवायची होती. नाना सकाळी नाश्ता करून थांब्यावर जात ते जेवायलाच परत. तिसऱ्या दिवशी तिथं त्यांना एक चिनी म्हातारबाबा भेटले. पाटी म्हणत होती तीन मिनिटं, बस आली पाचव्या मिनिटाला. म्हातारबाबांनी आपल्या मनगटावर बोट आपटलं आणि मान हलवली. नानांनीही मान हलवली. काही जोड्या अशाच जुळतात.

त्यांना चिनी येत होतं, नानांना मराठी. इंग्रजी दोघांनाही आकड्यांपुरतं. तेवढं पुरलं. म्हातारबाबा निवृत्त बसचालक निघाले, आणि त्यांची मुलगी क्वालालंपूरला होती. दोघांनी थांब्यावरच्या बाकावर नानांच्या लॉगशीटवर मांडणी केली. विमानानं ३०० किलोमीटर, दगड ते दगड तासभर. रस्त्यानं ३५०, सीमेवरच्या तपासणीसह पाच-सहा तास. मग घर ते विमानतळ, तिथली दोन तासांची बैठक, पलीकडं बॅगा, आणि क्वालालंपूरचा विमानतळ गावापासून लांब, त्याचा एक तास. उंबरा ते उंबरा बेरीज केली तर विमान आणि बस जवळजवळ बरोबरीत! म्हातारबाबांनी नानांचा हात हातात घेऊन हलवला. ताई वरून गॅलरीतून बघत होती. तिला वाटलं, बाबांना काही होतंय.

नाना परत आले त्याला आता बरेच दिवस झाले. स्टँडमागच्या कट्ट्यावर जुनी नियंत्रक, कंडक्टर मंडळी जमतात, तिथं नाना सिंगापूर म्हणून जे सांगतात ते हे सगळं. नातीचं वजन किती, नाव काय ठेवलं, हे मंडळींना काकूंकडून कळून घ्यावं लागलं. परवा आत्या आली होती. तिनं कौतुकानं विचारलं, "काय रे, लेक सुखात आहे ना?"

"आहे की," नाना म्हणाले. "ऑफिस पस्तीस मिनिटांवर. उंबरा ते उंबरा."

"आणि जावई?"

"माणूस चांगला आहे," नानांचा चेहरा जरा पडला. "पण त्याला मध्ये एकदा गाडी बदलावी लागते."